लाडकी दुकानं बुडतात तेव्हा

३१ जानेवारी २०१३. ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीतविक्रीच्या कंपनीत नोकरकपात चालली होती आणि तिचं धावतं वर्णन कंपनीच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून जगाला वाचायला मिळत होतं. खातं सांभाळणारी तरुण कर्मचारी स्वतःच त्या कपातीत सापडली होती. साठाहून अधिक जणांना एकाच वेळी काढताहेत, असं तिने लिहिलं. थोड्या वेळाने लिहिलं की मार्केटिंगचे संचालक आत्ताच विचारत होते, हे ट्विटर बंद कसं करायचं. नंतर तिने जे सांगितलं ते याहून बोचणारं होतं. समाजमाध्यमांचं महत्त्व वरिष्ठांना पटवून द्यायचा तिने परोपरीने प्रयत्न केला होता, पण कुणी ते मनावर घेतलं नाही.

एचएमव्ही म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’. कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला तो कुत्रा मराठी घरांना नवा नाही. नाट्यसंगीत आणि भावगीतं ज्या तबकड्यांवरून आपल्याकडे घरोघर पोचली, त्यांतल्या कितीतरींवर तोच होता. भारतातली ग्रामोफोन कंपनी, म्हणजे पुढची ‘सारेगामा’, आणि ब्रिटनमधली ही दुकानं एकाच मूळ कंपनीतून निघाली. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ३६३ क्रमांकाच्या जागेत पहिलं दुकान उघडलं ते २० जुलै १९२१ रोजी, संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते. त्यानंतर नव्वद वर्षं उलटून गेल्यावर, १५ जानेवारी २०१३ ला, ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. त्या दिवशी तिथे चार हजारांहून अधिक माणसं कामाला होती.

ब्रिटनमधल्या कुठल्याही गावाला एक मुख्य बाजाररस्ता असतो. त्याला तिथे हाय स्ट्रीट म्हणतात. गेल्या दीड-दोन दशकांत या रस्त्यावरची मोठमोठी नावं एकामागून एक कोसळली. २००८ मध्ये वूलवर्थ्स, २०१२ मध्ये कॉमेट, २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ पर्यंत डेबनहॅम्स, २०२३ मध्ये विल्को. व्यापाराच्या अभ्यासकांनी या पडझडीवर भरपूर लिहिलं आहे. पण तिच्याकडे सर्वांत बारकाईने बघायला हवं ते दुकानदारीशी काही देणंघेणं नसलेल्या मंडळींनी, म्हणजे देणग्यांवर चालणाऱ्या सेवाभावी संस्थांनी. कारण या दुकानांकडे जे होतं तेच या संस्थांकडे आहे: जुनं नाव, लोकांचा लोभ, जिवापाड काम करणारी माणसं आणि आपण कायम असणारच आहोत असा एक न बोललेला समज.

एचएमव्हीला धोका दिसला नव्हता असं कुणी म्हणू नये. कंपनीच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या एका गृहस्थांनी पुढे एक बैठक लिहून ठेवली आहे. साल २००२. त्यांनी व्यवस्थापकीय संचालकांसमोर तीन संकटं मांडली: इंटरनेटवरून माल विकणारी दुकानं, संगणकावर उतरवून घेता येणारं संगीत, आणि तोटा सोसून स्वस्तात सीडी विकणारी सुपरमार्केटं. संचालकांनी बैठक मध्येच थांबवली. सुपरमार्केटांचा थोडा त्रास होईल, पण संगीताचा खरा दर्दी तिकडे वळणार नाही. डाउनलोड हे चार दिवसांचं खूळ आहे. आणि दुकानात येऊन रेकॉर्डी चाळण्याची मजा लोकांना हवीच असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या खोलीत बसून विचार केला तर हे म्हणणं वेडगळ वाटत नाही. त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरली होती, दुकानांत गर्दी होती आणि ॲपलचं संगीताचं ऑनलाइन दुकान ब्रिटनमध्ये सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. शिवाय सगळा दोष कंपनीच्या माथी मारणंही बरोबर नाही. इंग्लिश खाडीतल्या जर्सी-गर्न्सी बेटांवरून येणाऱ्या १८ पौंडांपर्यंतच्या मालाला विक्रीकर लागत नसे आणि ऑनलाइन विक्रेते तिथून सीडी पाठवत. ही सवलत पूर्णपणे उठली ती एप्रिल २०१२ मध्ये. तोवर रस्त्यावरचं दुकान कर भरून, भाडं भरून त्यांच्याशी झुंजत होतं. तरीही मूळ प्रश्न उरतोच. संकटाची तीनही नावं अकरा वर्षं आधी टेबलावर येतात आणि नफा अजून होतोय एवढ्याच कारणाने ती बाजूला सारली जातात. हे दुकानात घडतं तसं संस्थेतही घडतं. वार्षिक अहवालात देणग्यांचा आकडा गेल्या साली होता तेवढाच असला की विश्वस्तांच्या सभेत पुढचा विषय घेतला जातो. तो आकडा कुणाकडून आला, देणाऱ्यांचं सरासरी वय काय, त्यांतले नवे किती, हे विचारायला वेळ उरत नाही.

वूलवर्थ्सची गोष्ट याहून चटका लावणारी आहे, कारण त्या दुकानावर लोकांचं प्रेम होतं. १९०९ मध्ये लिव्हरपूलला त्याची पहिली शाखा निघाली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथली कुठलीही वस्तू सहा पेन्सांच्या वर नसे. रांगेत मांडलेल्या डब्यांतून हव्या त्या गोळ्या उचलून कागदी पिशवीत भरायच्या आणि वजनावर पैसे द्यायचे, ही ‘पिक अँड मिक्स’ची गंमत ब्रिटनमधल्या कित्येक पिढ्यांच्या लहानपणात आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनी बुडाली. ६ जानेवारी २००९ ला शेवटची दुकानं बंद झाली. ८०७ शाखा गेल्या, सुमारे २७ हजार नोकऱ्या गेल्या. लोक हळहळले. शेवटच्या दिवसांत सवलतीचा माल घ्यायला त्यांनी रांगा लावल्या. दक्षिण-पूर्व लंडनमधल्या एका शाखेच्या व्यवस्थापकाने शेवटची पिक अँड मिक्सची पिशवी इंटरनेटवर लिलावाला ठेवली तेव्हा तिला साडेचौदा हजार पौंडांची बोली लागली. ते पैसे दुकानांतल्या कामगारांना मदत करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेसाठी होते.

एका पिशवीला साडेचौदा हजार पौंड, आणि दुकान चालू असताना गिऱ्हाईक नाही. लोभ आणि गिऱ्हाइकी यांत किती अंतर पडू शकतं ते इथे दिसतं. वूलवर्थ्समध्ये काय मिळतं, असं विचारलं तर सगळंच थोडंथोडं मिळतं, असं उत्तर होतं. भांडी, खेळणी, सीडी, मुलांचे कपडे, रंगाचे डबे. आणि त्यांतली प्रत्येक वस्तू दुसरीकडे कुठेतरी अधिक चांगली किंवा अधिक स्वस्त मिळत होती. 

लोकांना जे दिसलं नाही ते हिशेबाच्या वह्यांत होतं. २००१ मध्ये मूळ कंपनीपासून वेगळं होताना वूलवर्थ्सची १८२ दुकानं ६१ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली आणि तीच पुन्हा भाड्याने घेतली गेली. एकदा पैसा आला, पण तो वूलवर्थ्सच्या कामी आला नाही. भाडं मात्र दरवर्षी वाढत गेलं. २००८ च्या मंदीत पुरवठादारांना उधारीचा विमा मिळेना, त्यांनी रोख मागायला सुरुवात केली, आणि रोख नव्हती. स्वतःची जागा असती, गाठीला काही असतं, तर ही कंपनी वाचलीच असती असं म्हणता येणार नाही. पण तिला दम खायला, विचार करायला वर्ष-दोन वर्षं मिळाली असती.

आता संस्थांकडे वळू. ब्रिटनमध्ये देणग्यांचा वार्षिक आढावा घेणाऱ्या चॅरिटीज एड फाउंडेशनच्या पाहणीत वर्षभरात पैसे दिल्याचं सांगणारे लोक २०१९ मध्ये ५८ टक्के होते, २०२४ मध्ये ५० टक्के. एकूण रक्कम मोठीच आहे, पण ती देणारे हात कमी झाले आहेत. एचएमव्हीच्या दुकानात २००५ साली जे दिसलं असेल तेच हे चित्र आहे: गल्ल्यात पैसे आहेत, पण दारातून आत येणारी तरुण मुलं कमी होताहेत.

लोक दयाळू राहिले नाहीत, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मार्च २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या बायका रंगरंगोटी न केलेल्या चेहऱ्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू लागल्या आणि त्याला कर्करोग-जागृतीचं नाव मिळालं. ही मोहीम कुठल्याच संस्थेने काढलेली नव्हती. कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेतल्या लोकांनी ती वेळेवर हेरली, हातात पाटी धरलेला एक फोटो टाकला आणि पाटीवर मोबाइलवरून देणगी पाठवायचा क्रमांक आणि शब्द लिहिला. सहा दिवसांत ८० लाख पौंड जमले. घाईत चुकीचा शब्द टाइप केलेल्यांचे पैसे युनिसेफकडे जाऊ लागले, काहींना ध्रुवीय अस्वल दत्तक घेतल्याचे निरोप आले. ते सगळं नंतर निस्तरलं. महत्त्वाचं हे की ज्यांच्या हाती संस्थेचं ट्विटर खातं होतं त्यांना ‘वरून मंजुरी येईपर्यंत थांबा’ असं कुणी म्हटलं नाही. एचएमव्हीतल्या त्या तरुणीला कुणी ऐकून घेतलं नव्हतं. फरक तंत्रज्ञानाचा नव्हता, ऐकून घेण्याचा होता.

साधन आणि हेतू वेगळे ओळखता येणं ही दुसरी अवघड गोष्ट. एचएमव्हीने स्वतःला सीडी विकणारं दुकान समजलं. लोकांना गाणी हवी होती. संस्थांच्या जगात याच्या उलट वागणारं एक मोठं उदाहरण आहे, बर्नार्डोज. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ईस्ट एंडमधल्या बेवारस मुलांसाठी डॉ. थॉमस बर्नार्डो यांनी सुरू केलेलं हे काम म्हणजे अनाथालयांचं एक साम्राज्यच होतं. नावच ‘डॉ. बर्नार्डोज होम्स’. दुसऱ्या महायुद्धानंतर मूल शक्यतो कुटुंबात वाढावं ही समज पक्की झाली, कायदे बदलले. संस्थेपुढे इमारती होत्या, त्यांतला नोकरवर्ग होता, त्या इमारतींच्या नावाने देणग्या देणारी घराणी होती. तरीही तिने १९६६ मध्ये नावातून ‘होम्स’ काढलं, पुढच्या दोन दशकांत मोठी वसतिगृहं मिटवली आणि दत्तक, पालक-कुटुंबं, वस्त्यांमधली केंद्रं अशा कामांकडे वळली. आज ती ब्रिटनमधल्या मुलांच्या सर्वांत मोठ्या संस्थांपैकी एक आहे. ज्या गोष्टीसाठी लोक आपल्याला ओळखतात तीच बंद करायची, हा निर्णय विश्वस्तांच्या किती सभांमध्ये रडारड होऊन झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी. या संपूर्ण विषयातला हा सर्वांत धाडसी धडा आहे आणि तो शिकवला आहे एका संस्थेनेच.

पण दुकान आणि संस्था यांची तुलना एका जागी साफ तुटते, आणि ती जागा नीट पाहायला हवी.

दुकानात पैसे देणारा आणि वस्तू वापरणारा माणूस एकच असतो. वस्तू आवडली नाही की तो पुढच्या दुकानात जातो आणि त्याच संध्याकाळी गल्ला ते सांगतो. संस्थेत पैसे देणारा एक आणि मदत घेणारा दुसरा. मदत निकस असेल तर घेणारा तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरीकडे जायला जागा नसते. देणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याच्यापर्यंत फक्त छापील अहवाल पोचतो. म्हणजे काम उत्तम असूनही पैसा आटू शकतो, आणि काम ढिसाळ असूनही पैसा येत राहू शकतो. दुकानाला वाईट बातमी आपोआप मिळते. संस्थेला ती मिळवायची सोय मुद्दाम करून ठेवावी लागते.

लंडनमधल्या ‘किड्स कंपनी’चं जे झालं ते या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं आहे. कामिला बाटमांगेलिज यांनी १९९६ मध्ये दक्षिण लंडनमध्ये रेल्वेपुलाच्या कमानींखाली ही संस्था सुरू केली. घरातून, शाळेतून, सरकारी यंत्रणेतून सुटलेली मुलं तिथे स्वतःहून येत आणि आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही हे संस्थेचं व्रत होतं. गरम जेवण, कपडे, समुपदेशन, कुणाच्या घराचं भाडं. पंतप्रधानांपासून संगीतकारांपर्यंत सगळे संस्थेचे चाहते. वर्षाचं उत्पन्न दोन कोटी पौंडांच्या वर गेलं. सरकारने वर्षानुवर्षं मिळून चार कोटींहून अधिक पौंड दिले. मात्र गंगाजळी जवळजवळ नव्हती. आलेला पैसा मुलांवर खर्च होत राहिला आणि दर काही महिन्यांनी रोख संपायची वेळ येऊ लागली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर दाखवून दिलं की अधिकाऱ्यांनी संस्थेच्या आर्थिक स्थितीबद्दल २००२ पासून वारंवार चिंता नोंदवली होती आणि तरी अनुदानं मंजूर होत गेली.

जुलै २०१५ च्या अखेरीस आणखी ३० लाख पौंड दिले गेले, तेही सरकारी खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी आक्षेप नोंदवल्यावर मंत्र्यांच्या खास आदेशाने. त्याच दिवसांत संस्थेत मुलांवर अत्याचार झाल्याच्या आरोपांची बातमी आली, मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतला, आणि ५ ऑगस्टला दरवाजे बंद झाले. काही महिन्यांनी पोलिसांनी तपास थांबवला. गुन्हा घडल्याचा पुरावा मिळाला नव्हता. विश्वस्तांवर संचालकपदाची बंदी घालण्याची मागणी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये फेटाळली आणि आरोपांची राळ उठली नसती तर संस्था तगलीही असती असं मत नोंदवलं. पुढच्या वर्षी सेवाभावी संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या अहवालाने मात्र कारभारातल्या चुकांवर बोट ठेवलंच.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. या माणसांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. पण आठवडाभराच्या वाईट बातम्यांत कोसळेल इतक्या बारीक दोरीवर हजारो मुलांची रोजची जेवणं टांगलेली होती, हेही खरं. गंगाजळी ठेवणं म्हणजे आजच्या मुलाच्या तोंडचा घास काढणं, असं संस्थेतल्या अनेकांना मनापासून वाटतं. त्या भावनेचा आदर ठेवूनही सांगायला हवं की तो हिशेब अपुरा आहे. एचएमव्ही बुडालं तेव्हा गाण्यांच्या शौकिनाचं फारसं अडलं नाही, त्याने फोनवर गाणी ऐकली. किड्स कंपनी बुडाली तेव्हा एखाद्या मुलाला ज्याच्यावर विश्वास टाकता येत होता असा एकमेव मोठा माणूस नाहीसा झाला. जिथे बंद पडण्याची किंमत इतकी मोठी आहे तिथे गाठीशी सहा महिन्यांचा खर्च असणं हा सेवेचाच भाग आहे.

जुन्या जबाबदाऱ्या कशा गळ्याशी येतात, याचा सर्वांत चमत्कारिक नमुना स्टोक-ऑन-ट्रेंटजवळच्या बार्लस्टनमध्ये सापडतो. तिथलं वेजवुड संग्रहालय चिनी मातीच्या भांड्यांचा अप्रतिम ठेवा सांभाळतं आणि २००९ मध्ये त्याला ब्रिटनमधलं संग्रहालयांचं मोठं पारितोषिक मिळालं होतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वॉटरफर्ड वेजवुड ही कंपनी बुडाली. संग्रहालय हा स्वतंत्र धर्मादाय न्यास होता, पण त्याचे पाच कर्मचारी कंपनीच्याच निवृत्तिवेतन योजनेत होते आणि कायदा असा की बाकीचे बुडाले तर उरलेल्याने सगळं देणं फेडायचं. पाच माणसांच्या पायी संग्रहालयावर १३ कोटी ४० लाख पौंडांचं देणं आलं. २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे देणं फेडायला संग्रह विकता येईल. २०१४ मध्ये लोकवर्गणी आणि मोठ्या निधींतून एक कोटी साडेसत्तावन्न लाख पौंड जमवून तो वाचवावा लागला. बीएचएसमध्येही निवृत्तिवेतनाच्या खात्यातली ५७ कोटी पौंडांहून मोठी तूट हाच शेवटी सर्वांत कडू प्रश्न ठरला होता. न्यासाच्या कागदपत्रांतली कंटाळवाणी पानं कुणीतरी दरवर्षी वाचायलाच हवीत.

बंद पडलेल्या दुकानांच्या जागी हाय स्ट्रीटवर आलं तरी कोण? मोठ्या संख्येने आल्या त्या याच संस्था. ऑक्सफॅमने १९४७ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर आपलं दुकान उघडलं. आज लोकांनी दिलेले जुने कपडे, पुस्तकं, कपबशा विकणारी दहा हजारांहून अधिक चॅरिटी शॉप ब्रिटनमध्ये आहेत. त्यांना व्यवसायकरात किमान ८० टक्के सूट मिळते, काउंटरवर बहुतेक स्वयंसेवक असतात. कित्येक निवृत्त, एकट्या माणसांना घराबाहेर पडायला हे काउंटरच निमित्त असतं. रिकाम्या पडलेल्या रस्त्यांवर या दुकानांनी जाग ठेवली.

आणि आता वाळवी तिथेही लागली आहे. चांगला कोट संस्थेला देण्याऐवजी लोक तो व्हिन्टेडसारख्या ॲपवर स्वतः विकतात, त्यामुळे संस्थांच्या वाट्याला उरलासुरला माल येतो. एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला, किमान वेतन वाढलं. अपंगांसाठी काम करणाऱ्या ‘स्कोप’ने २०२५ च्या सुरुवातीला आपल्या १३८ दुकानांपैकी ७७ बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. लोक हळहळले. पण ज्या दुकानातून अपंगांच्या कामाला पैसा मिळण्याऐवजी त्या कामाचाच पैसा दुकानात जातो, ते चालू ठेवण्याचं समर्थन करता येत नाही. स्कोपने बर्नार्डोजसारखंच साधन आणि हेतू यांत हेतू निवडला, असंच म्हणायला हवं.

बुडता बुडता तरलेल्यांकडून काय घ्यावं? वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या साखळीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. हीही एकेकाळी एचएमव्हीच्याच गटात होती. २०११ मध्ये ती ५ कोटी ३० लाख पौंडांना विकली गेली आणि लंडनमध्ये स्वतःची मोजकी पुस्तकदुकानं चालवणारे जेम्स डाँट तिचे प्रमुख झाले. दर्शनी खिडकीत आणि दारातल्या टेबलावर कुठली पुस्तकं ठेवायची हे तोवर प्रकाशक पैसे देऊन ठरवत. डाँट यांनी ते पैसे घेणंच थांबवलं. तोट्यातल्या कंपनीने हमखास मिळकत सोडली. त्याऐवजी प्रत्येक शाखेने आपल्या गावातला वाचक बघून पुस्तकं निवडावीत असं ठरलं. नोकरकपातही झाली, वाटचाल सुखाची नव्हती. पण न खपलेली, परत पाठवावी लागणारी पुस्तकं कमी झाली आणि काही वर्षांनी कंपनी नफ्यात आली.

संस्थांच्या भाषेत याचा अर्थ फार सरळ आहे. देणगीदाराला टॅबलेट वाटायचे असतात म्हणून गावात टॅबलेट वाटले जातात, तेव्हा ती पैसे घेऊन सजवलेली खिडकीच असते. त्या गावात अंगणवाडीचं छप्पर गळतंय हे तिथल्या कार्यकर्तीला ठाऊक असतं. तिला निवडू द्यावं.

एचएमव्हीसुद्धा परत उभं राहिलं. २०१८ च्या अखेरीस दुसऱ्यांदा बुडाल्यावर डग पटमन या कॅनेडियन व्यापाऱ्याने ते घेतलं, तबकड्यांच्या नव्या हौसेवर भर दिला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची ती ३६३ क्रमांकाची जागा पुन्हा मिळवली. मधल्या काळात तिथे अमेरिकी गोळ्या-चॉकलेटांचं दुकान होतं. आजचं एचएमव्ही पूर्वीपेक्षा बरंच लहान आहे. लहान होणं म्हणजे हरणं, हा समज मोठ्या संस्थांनीही सोडायला हवा. तसंच एकत्र येणं म्हणजे शरणागती, हाही. कॅन्सर रिसर्च यूके ही २००२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी संस्था विलीन होऊन झाली. एज यूके २००९ मध्ये तशीच.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध केवळ कुत्र्याच्या चित्रापुरता नाही. मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांनिशी ‘क्राय’ सुरू केली आणि शुभेच्छापत्रं विकून मुलांच्या कामासाठी पैसा उभा केला. दिवाळी-नाताळला ही कार्डं पाठवणं शहरी घरांची रीत झाली होती. पुढे ई-मेल आणि मोबाइल आले, कार्ड पाठवणंच मागे पडलं. क्रायची ओळख कार्डाशी बांधलेली राहिली असती तर संस्था कार्डाबरोबर संपली असती. तिने थेट वैयक्तिक देणगीदार जोडले आणि २००६ मध्ये नावही बदललं: मुलांना मदत करणारी संस्था आता मुलांच्या हक्कांबद्दल बोलू लागली.

पण आपल्याकडच्या अनेक संस्थांची अवस्था किड्स कंपनीच्या जवळची आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि या पैशाच्या वाट्यात महाराष्ट्र सातत्याने वरच्या स्थानावर असतो. त्यावर कितीतरी संस्था उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही एकाच कंपनीच्या आधारावर. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी स्थापन झाला, त्याला दिलेली रक्कमही या दोन टक्क्यांत धरली जाऊ लागली, आणि कंपन्यांनी मोठमोठ्या रकमा तिकडे दिल्या. त्याच वर्षी परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि असा पैसा एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं. गावपातळीवरच्या ज्या छोट्या संस्था मोठ्या संस्थेमार्फत मदत मिळवत होत्या, त्यांचा तो मार्गच मिटला. इकडे केट्टोसारख्या, मुंबईतच सुरू झालेल्या संकेतस्थळांवर लोक आजारी मुलाच्या उपचाराला थेट पैसे पाठवतात. मध्ये संस्था असायलाच हवी असं त्यांना वाटत नाही. आणि आयकराची नवी पद्धत निवडली की देणगीवरची वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्चअखेर येणारा धनादेशांचा ओघही पूर्वीसारखा राहील असं धरून चालता येणार नाही. एचएमव्हीच्या त्या २००२ च्या बैठकीत तीन संकटं मांडली गेली होती. इथे ती चार-पाच आहेत आणि सगळी उघड्यावर आहेत.

विश्वस्तांनी काय करावं हे वरच्या उदाहरणांत आहेच. पण यात देणाऱ्याचीही जबाबदारी आहे, आणि ती फारशी कुणी बोलत नाही. ‘माझा रुपयान् रुपया थेट गरजूपर्यंत जायला हवा, पगार आणि भाड्यावर एक पैसाही नको’ ही अट घालणारे आपणच असतो. त्या अटीपायी संस्था हिशेबनीस ठेवत नाही, संगणक बदलत नाही, गंगाजळी साठवत नाही, आणि पहिल्या फटक्याला आडवी होते. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या संस्थेला धनादेश लिहिण्याआधी फोन करून एवढं विचारा की नवीन पैसा आला नाही तर तुमचं काम किती महिने चालेल. उत्तर दोन महिने असं आलं आणि काम तुम्हाला मोलाचं वाटत असेल, तर रक्कम कमी करू नका. सोबतच्या चिठ्ठीवर लिहा की यातले निम्मे पगार, भाडं आणि शिलकीसाठी आहेत.